खातोय ना, मग ठीक आहे

आमचा बोका बंड्या वाटीवर फिस्कारला तो दिवस मला लख्ख आठवतो. वाटीत नवं काही नव्हतं. रोजचंच कोरडं खाणं, रोजचीच वेळ. तो नेहमीसारखा धावत आला, तोंड घातलं, एक दाणा उचलला आणि कुणी शेपटीवर पाय द्यावा तसा मागे उडाला. वाटीकडे रोखून बघत फिस्कारला. दोन मिनिटं लांब जाऊन बसला. मग परत आला आणि वाटी साफ केली.

“खाल्लं की सगळं,” आई म्हणाली. “काही झालेलं नाही त्याला.”

मलाही ते पटलं. आमच्या घरात मांजराच्या तब्येतीचं माप एकच होतं. वाटी रिकामी म्हणजे मांजर ठणठणीत. दात दुखत असता तर खाल्लंच नसतं, इतका सरळ हिशोब. तो चुकीचा आहे हे कळायला मला आणखी पाच आठवडे लागले आणि ते पाच आठवडे बंड्याने दुखऱ्या तोंडानेच काढले.

बंड्या तेव्हा नऊ वर्षांचा होता. केशरी, रुंद तोंडाचा, घर आपल्याच नावावर आहे अशा थाटात वावरणारा बोका. त्याच्या तोंडाला वास यायचा, पण मांजराच्या तोंडाला वास येणारच अशी आमची समजूत. कमरेजवळच्या केसांच्या गाठी व्हायला लागल्या होत्या. वय झालं, आळशी झालाय. आधी पिसांचं खेळणं तोंडात धरून घरभर मिरवायचा, आता नुसतं पंजाने हाणायचा. शहाणा झाला, पोरकटपणा गेला. अधूनमधून उलटी करायचा आणि तीत दाणे अख्खेच्या अख्खे असायचे. हावरट मेला, चावतो कुठे, गिळतोच. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि त्यातलं एकही त्याच्या तोंडापर्यंत पोचत नव्हतं.

एक गोष्ट तर मला दिसलीच नव्हती. दाराच्या चौकटीला गाल घासायची त्याला सवय. जाता-येता आधी डावा, मग उजवा. पुढे सगळं झाल्यावर मी मोबाइलमधले त्याचे जुने व्हिडिओ काढून बसले, तेव्हा लक्षात आलं की दीड वर्षापूर्वी तो दोन्ही गाल घासत होता आणि अलीकडे फक्त डावा. खातानाच्या व्हिडिओतही मान डावीकडे कललेली. मी ते व्हिडिओ “बघा कसा ऐटीत खातो” म्हणून लोकांना पाठवले होते.

बरं, मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते असंही नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या ओठांवर आणि हिरड्यांवर बारीक काळे ठिपके दिसले. माझी झोप उडाली. कॅन्सर असेल म्हणून मी ओठ वर करून त्या ठिपक्यांचे डझनभर फोटो काढले आणि डॉक्टरांना दाखवले. केशरी मांजरांना वयानुसार असे सपाट ठिपके पुष्कळदा येतात, ते रंगद्रव्याचे असतात, निरुपद्रवी, असं कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याच फोटोंमध्ये दाढांच्या मुळाशी हिरडीवर एक लालभडक रेघ स्पष्ट दिसते आहे. फोटो मी ठिपक्यांचे काढले होते, त्यामुळे रेघ बघितलीच नाही.

आणि एक चूक कबूल करायलाच हवी. त्याच सुमाराला दातांवर पिवळं-तपकिरी किटण दिसतं म्हणून मी त्याला एका ठिकाणी भूल न देता दात खरवडून घ्यायला नेलं होतं. टॉवेलात गुंडाळून दोघांनी धरलं, तिसऱ्याने खरवडलं. बंड्या ओरडून ओरडून थकला. बाहेर आला तेव्हा दात पांढरेशुभ्र. भुलीचा धोका टळला आणि काम झालं, म्हणून मी स्वतःवर खूश होते.

फिस्कारण्याचा प्रकार झाल्यावर पाचव्या आठवड्यात त्याची लाळ गळायला लागली. उशीवर ओला डाग आणि त्यात गुलाबी छटा. मग मात्र मी उठले.

डॉक्टर नवीन होत्या, खास दातांचं काम करणाऱ्या. त्यांनी बंड्याला टेबलावर ठेवलं आणि आधी त्याच्याकडे बघितलंच नाही, मलाच विचारत बसल्या. कुठल्या बाजूने खातो? खाणं तोंडातून सांडतं का? जांभई पूर्ण देतो का? जांभईचं मला काही सांगता येईना. अंग चाटतो का, आणि चाटतो तर कुठवर? मी गाठींचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जीभ चालवायलाच दुखत असेल तर मांजर पाठ सोडून देतं, पुढचे पाय आणि छाती तेवढी चाटतं. वजनकाट्यावर तो गेल्या वेळेपेक्षा ४०० ग्रॅम कमी भरला. पाच किलोच्या बोक्याला ते थोडं नाही.

मांजराचं तोंड कसं बघायचं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. समोरून जबडा फाकवायचा नाही. मांजराच्या मागे उभं राहायचं, तोंड पलीकडे, पाठ आपल्याकडे. एका हाताने डोकं वरून अलगद धरायचं आणि अंगठ्याने ओठाचा कोपरा वर सरकवायचा, बस. मागच्या दाढांची बाहेरची बाजू दिसायला दोन सेकंद पुरतात, आणि मांजराला कळायच्या आत काम झालेलं असतं. मग त्यांनी पटकन तोंड उघडून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हनुवटीखालून, जबड्याच्या दोन हाडांच्या मधोमध, वर दाबलं. जीभ उचलली गेली. जिभेखाली दोरा अडकलेला असू शकतो आणि म्हाताऱ्या मांजरांत तिथेच गाठही वाढते, म्हणून ही जागा कधी चुकवायची नाही म्हणाल्या. आणि दोरा दिसलाच तर तो आपण ओढायचा नाही. त्याचं दुसरं टोक आतड्यात गुंतलेलं असेल तर ओढल्याने आतडं कापलं जातं.

जिभेखाली काही नव्हतं. घशाजवळच्या कोपऱ्यांतही नव्हतं. मग उजवीकडचा ओठ वर केला. खालच्या सुळ्यामागे थोडी मोकळी जागा असते, त्यानंतरची पहिली दाढ. तिच्यावर हिरडीचा एक लाल ठिपका चढलेला होता, जणू हिरडीनेच दातावर बोट ठेवलं आहे. डॉक्टरांनी कापसाची काडी त्या ठिपक्याला टेकवली, नुसती टेकवली. बंड्याचा खालचा जबडा थडथडायला लागला, थंडीने वाजतो तसा. इंजेक्शनला न कुरकुरणारा माझा बोका.

“कीड लागली का?” मी विचारलं.

“मांजराच्या दाताला आपल्यासारखी कीड लागत नाही,” त्या म्हणाल्या. “हे वेगळं आहे. दात विरघळतोय.”

याला टूथ रिसॉर्प्शन म्हणतात. दुधाचे दात पडायच्या वेळी त्यांची मुळं विरघळवायला शरीर काही पेशी कामाला लावतं, ओडोंटोक्लास्ट नावाच्या. मांजरांमध्ये त्याच पेशी मोठेपणी पुन्हा जाग्या होतात आणि पक्का दात खायला लागतात. सुरुवात बहुधा मुळाच्या पृष्ठभागावर, हिरडीच्या आड. पोखरत पोखरत खड्डा दाताच्या वरच्या भागात उघडला की आतली नस उघडी पडते आणि हिरडी त्या भोकात वाढून त्यावर झाकण घालते. तेच ते लाल बोट. या पेशी जाग्या का होतात, याचं पक्कं उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या मांजरांत हा आजार अगदी नेहमीचा, आणि खालच्या जबड्यातली सुळ्यामागची पहिली दाढ ही त्याची आवडती जागा. बुजवून, सिमेंट भरून उपयोग नाही, कारण खाणारी पेशी दाताच्या मुळाशीच बसलेली असते. आपण बुजवतो, ती बाजूने पोखरत राहते. दुखणारा दात काढणं हाच उपाय.

“पण तो खातो हो,” मी म्हणाले. सवयीनेच निघालं तोंडातून.

“खाणारच. भूक दुखण्यापेक्षा मोठी असते. मांजर खायचं शेवटी सोडतं. आधी चावायचं सोडतं.”

मग मी खरवडून घेतल्याचं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, पण त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दिसणारा भाग पांढरा झाला. दुखणारा तसाच राहिला.” दातावर रोज एक चिकट थर बसतो, तो लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा कडक होतो आणि त्याचं किटण होतं. त्यातलं वर दिसणारं किटण फक्त दिसायला वाईट. हाड खातो तो हिरडीखालचा थर, आणि जाग्या मांजराच्या हिरडीखाली अवजार घालताच येत नाही.

भुलीची भीती मला होतीच. नऊ वर्षांचा जीव, उठलाच नाही तर? त्यांनी ती भीती उडवून लावली नाही हे मला आवडलं. रक्त तपासलं. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड. मांजरांमधल्या एड्सच्या आणि ल्युकेमियाच्या विषाणूंची चाचणीही केली, कारण ते असले तर तोंडाच्या आजाराचा रंगच बदलतो. छाती ऐकली. तोंडाचा वास मूत्रपिंड निकामी झाल्यानेही येतो, लघवीसारखा उग्र. मधुमेह बिघडला तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर येतो. बंड्याचा वास निव्वळ कुजका होता. वासांची ही प्रतवारी ऐकून मी मनाशी म्हटलं, बाई, तू नऊ वर्षं नुसतं नाक मुरडलंस.

भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात. त्यातून श्वास तर चालतोच, शिवाय दात साफ करणाऱ्या यंत्राचं पाणी आणि घाण फुप्फुसात उतरत नाही. शिरेतून सलाईन, अंगाखाली गरम गादी, कारण एवढासा जीव पटकन गार पडतो. आणि एक माणूस असा, ज्याने दाताला हातही लावायचा नाही. फक्त नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि तापमान बघत बसायचं. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा ताण देणारा चिमटा वापरणार नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. मांजराचा जबडा फार ताणला की मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारी रक्तवाहिनी दाबली जाते आणि भुलीतून उठलेलं मांजर आंधळं झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हे ऐकून माझे पाय गळाले, पण भरवसाही वाढला.

सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी शेवटी सांगितलं. “किती दात काढायचे हे आत्ता मला माहीत नाही. बोका झोपल्यावर प्रत्येक दाताचा एक्स-रे काढेन, मग तुम्हाला फोन करेन. त्या वेळी फोन उचला.”

आदल्या आठवड्यापासून बास्केट हॉलमध्येच उघडी ठेवली, आत त्याची चादर. सांगितलेल्या वेळेपासून खाणं बंद केलं, निघण्याआधी मन शांत करणारी कॅप्सूल दिली. त्याला सोडून आले आणि मोबाइल हातात घेऊन बसले. आई देवासमोर बसली. फोन पावणेदोन तासांनी आला.

मोठ्या मांजराला ३० दात असतात. बंड्याचे २९ भरले. एक दाढ आधीच गायब होती आणि मला पत्ताच नव्हता. उजवीकडच्या खालच्या दाढेचा वरचा भाग पोखरला होता, पण एक्स-रेत मुळं शाबूत दिसत होती, मुळाभोवतीची बारीक काळी रेघही जागेवर. म्हणजे ही दाढ मुळासकट काढायची. डावीकडे त्याच जागची दाढही पोखरलेली, पण तिची गोष्ट उलटी. एक्स-रेत मूळ दिसतच नव्हतं, ते जवळजवळ हाडात मिसळून गेलं होतं. असं मूळ खोदून काढायला गेलं तर जबडाच मोडायचा. तिथे दाताचा फक्त वरचा भाग कापायचा आणि हिरडी शिवून टाकायची, उरलेलं शरीर आपणच जिरवतं. मात्र आजूबाजूला पू किंवा घशाजवळची सूज असेल तर ही सवलत नाही. बाहेरून दोन्ही दाढा सारख्याच दिसत होत्या. एक्स-रे नसता तर एकीवर तरी चुकीचा इलाज झाला असता.

तिसरी होती वरची उजवी मोठी दाढ, तीन मुळांची, मांस कातरायची. तिच्यात पोखरलेलं काही नव्हतं, पण हिरडी आणि दात यांच्यामध्ये मोजपट्टीची सळई चार मिलिमीटर आत गेली. निरोगी मांजरात ती एक मिलिमीटरच्या आतच थांबते. एका मुळाभोवतीचं हाड संपलं होतं. दोन वर्षांपूर्वी पांढरीशुभ्र केलेली दाढ ती हीच.

“तिन्ही काढा,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला.

संध्याकाळी बंड्या घरी आला तो बुबुळं बशीएवढी करून. अफूच्या जातीचं वेदनाशामक दिलेलं होतं. भिंतीकडे बघत घुरघुरत होता, माझ्या पायात येत होता, अडखळत होता. हे चालतं, असं मला आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी रात्रभर फोन करत बसले असते. लाळेत थोडं रक्त पहिल्या दिवशी चालतं. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर मात्र कळवायचं होतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि मग तो वेगळाच जीवघेणा आजार होतो. लठ्ठ मांजरांत लवकर. बंड्याने मला तेवढा वेळ वाट बघायला लावली नाही. रात्री नऊला कोमट केलेलं मऊ खाणं समोर ठेवलं आणि त्याने ते चाटून संपवलं, तोंडात नुकते टाके पडलेले असताना.

औषधं दोन होती. एक त्या अफूच्या जातीचं, सुईशिवायच्या सिरिंजने गालाच्या आत सोडायचं. ते गिळलं जाण्यापेक्षा तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जावं लागतं. दुसरं सूज उतरवणारं, खाण्यात. दोन्ही मोजून, तितकेच दिवस. अँटिबायोटिक दिलं नाही आणि गरज नाही म्हणून दिलं नाही असं स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी बंड्या जरा मलूल वाटला तर आई म्हणाली, “आपली पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का? बिचाऱ्याला बरं वाटेल.” मी जवळजवळ किंचाळलेच. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करायची यंत्रणाच पुरेशी नसते. रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात आणि एका गोळीतही मांजर मरू शकतं. आयब्युप्रोफेनही तसंच घातक. आईने गोळी गुपचूप डबीत ठेवली आणि त्या दिवसापासून औषधांचा डबा वरच्या फळीवर गेला.

दोन आठवडे मऊ खाणं, चावायची खेळणी बंद, आणि टाके बघायला तोंड उघडायचं नाही. टाके विरघळणारे होते. शेवटची सूचना मला सगळ्यात जड गेली. अंगठा ओठाकडे आपोआप जायचा.

नवव्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारातून आत आला, डावा गाल घासला, थबकला, वळला आणि उजवा घासला. मी गॅस बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसले. महिन्याभरात कमरेजवळच्या गाठी गेल्या. आम्ही कापल्या नाहीत, त्यानेच चाटून चाटून सोडवल्या. पिसांचं खेळणं पुन्हा तोंडात धरून घरभर फिरायला लागला. वजन चार महिन्यांत भरून आलं.

दात काढल्यावर खाणार कसा, ही सगळ्यांची पहिली शंका. आमच्या ओळखीत एक मांजरी आहे, तिला तर सगळ्या दाढा काढाव्या लागल्या. तिचा आजार वेगळा. दातांवरच्या थराविरुद्ध शरीर इतकं चवताळतं की घशाजवळचे कोपरे कच्च्या मांसासारखे लाल होतात. मांजरांच्या सर्दीचा कॅलिसी विषाणू अशा तोंडांत बऱ्याचदा सापडतो. ती मांजरी खायला धावायची, घास घ्यायची आणि ओरडत पळून जायची. जांभई देतानाही ओरडायची. दाढा काढल्या की अशा बहुतेक मांजरांना चांगला फरक पडतो, काहींना मात्र पुढेही औषधं घ्यावी लागतात. ती नशीबवान निघाली. आता कोरडे दाणेही खाते. मांजराचा जबडा आडवा हलतच नाही, आपल्यासारखं ते घास दळून बारीक करत नाही. दाढा कातरीसारख्या शिकार कापायला असतात आणि वाटीतलं खाणं आधीच कापलेलं असतं. नुसत्या हिरड्यांनी भागतं. दुखरा दात असण्यापेक्षा नसलेला दात परवडला, हे मला तिच्याकडे बघून पटलं.

मग घासणं. त्याबद्दल लोक फार गोड लिहितात. मी खरं सांगते. आमची धाकटी टिंगी, तीन वर्षांची, तीन आठवड्यांत तयार झाली. पहिला आठवडा नुसतं बोटाला मांजरांची टूथपेस्ट लावून चाटायला द्यायची. दुसरा आठवडा तेच बोट ओठाखाली सरकवून सुळ्यांवर फिरवायचं. तिसऱ्या आठवड्यात लहान डोक्याचा मऊ ब्रश. फक्त दातांची बाहेरची बाजू घासायची, आतली तिची जीभ बघून घेते. एका बाजूला पंधरा सेकंद, की सुटका. आपली टूथपेस्ट चालत नाही. मांजर चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि आपल्या पेस्टमधला फ्लोराइड आणि फेस आणणारा पदार्थ पोटात जायला नको. रोज घासायचं, कारण कालचा थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो आणि मग ब्रशला दाद देत नाही.

बंड्याने दोन महिने मला बोचकारलं. त्याच्या मते तोंड ही त्याची खासगी मालमत्ता आणि तिचा एकदा झालेला अपमान तो विसरलेला नाही. शेवटी तह झाला. बोटाला गॉज गुंडाळून सुळे आणि वरच्या दाढा, आठवड्यातून चार वेळा, त्यातही एखादी चुकते. जोडीला दातांसाठीचं मोठ्या दाण्यांचं खाणं देते. त्याचा दाणा फुटण्याआधी दात त्यात रुततो आणि पुसला जातो. अशी वस्तू घेताना तिच्यावर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलचा, म्हणजे प्राण्यांच्या दातांसाठीच्या वस्तू पारखणाऱ्या संस्थेचा, शिक्का आहे का ते बघते, कारण पाकिटावर “दंतरक्षक” कुणीही छापतं. आणि हे सगळं करूनही दात विरघळायचा तो विरघळू शकतो. ब्रशने किटण थांबतं, हिरडी वाचते. त्या पेशींना ब्रशची भीती नाही. एक दाढ विरघळलेल्या मांजराची दुसरीही जाण्याची शक्यता बरीच असते, म्हणून वर्षातून एकदा तपासणी आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा एक्स-रे, असं आमचं ठरलं आहे.

गेल्या आठवड्यात मी ऑफिसात होते. आईचा फोन आला. ती सहसा त्या वेळी करत नाही.

“वाटी रिकामी केली त्याने,” ती म्हणाली. “सगळं खाल्लं.”

“मग?”

“मान उजवीकडे करून खाल्लं. काल पण. मी काल काही बोलले नाही, म्हटलं आज बघू. तू डॉक्टरांना फोन कर.”

घरी आल्यावर मी त्याच्या मागे उभी राहिले, डोकं धरलं आणि डावीकडचा ओठ अंगठ्याने वर सरकवला. वरची, सुळ्यामागची दाढ. हिरडीची कड एका जागी दातावर चढलेली, मोहरीएवढी. परवा सकाळची वेळ मिळाली आहे. बास्केट हॉलमध्ये आहे, आणि आत्ता त्यात टिंगी झोपली आहे.